आजचे चिंतन : सोसणं वेगळं, टाळणं वेगळं (गीता, अध्याय २, श्लोक १४)

काल आपण दुसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकापाशी थांबलो होतो. बालपण, तारुण्य, म्हातारपण या देहाच्याच अवस्था आहेत, जाणता माणूस त्यांनी गोंधळून जात नाही, एवढं काल पाहिलं. आज चौदावा श्लोक. इंद्रियांचा बाहेरच्या वस्तूंशी संबंध आला की थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख उत्पन्न होतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. ती येतात, तशी जातात. कायमची राहायला आलेली नसतात. म्हणून ती सोस, असा या श्लोकाचा आशय.

या सोसण्याला शास्त्रात 'तितिक्षा' म्हणतात. आज फक्त या एका शब्दावर बोलायचं आहे, आणि उदाहरण घ्यायचं आहे दाढ काढण्याचं. उदाहरण लहान आहे. पण रात्री दोन वाजता ज्याची दाढ ठणकली आहे, त्याला ते लहान वाटणार नाही. शिवाय गीता मोठ्या प्रसंगाला लागू पडते आणि दाढदुखीला पडत नाही, असं असेल तर आपण रोज ती वाचतो कशाला?

घरातलं उदाहरण

माझे बाबा ६८ वर्षांचे. सेलू तालुक्यात गाव, घरची कपाशी आणि तूर. पहाटे उठून गीताईचा एक अध्याय म्हणायचा, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. आपल्या वर्धा जिल्ह्यात हे नवल नाही. विनोबांनी गीताई १९३०-३१ साली लिहिली, आणि गोपुरीच्या गीताई मंदिरात तिचे अठराही अध्याय दगडांवर कोरून उभे केलेले आहेत. इकडच्या जुन्या माणसांना गीताई पुस्तक न उघडता येते.

दिवाळीच्या सुमारास बाबांची खालची दाढ दुखायला लागली. लवंग झाली, हिंग झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आल्या. आणि या सगळ्यांवर त्यांचा ठरलेला उपाय, म्हणजे त्याच बाजूच्या गालात खर्रा दाबून ठेवायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच उत्तर: "सोसाव लागते बाबू. दुखणं येते, दुखणं जाते. भगवंतानं सोसालेच सांगतलं."

आई आतून म्हणायची, "रातभर कण्हतात, अन् म्हणतात सोसतो."

शेजारच्या काकांनी भर घातली की दात काढला की नजर कमी होते. हे तुम्हीही ऐकलं असेल. त्यात तथ्य नाही. दिसण्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दात काढल्यानं डोळ्याला काही होत नाही. पण भीतीला आधार हवा असतो आणि तो कुठूनही चालतो.

मार्चमध्ये बाबांची दाढ दुखायची एकदम थांबली. बाबा खूश. "पाहा, गेलं का नाही?" आणि मे महिन्यात एका सकाळी जबड्याखाली सूज घेऊनच उठले. तोंड धड उघडेना, गिळताना त्रास.

दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?

इथे दाताची रचना थोडी समजून घेऊ, कारण श्लोकाचा अर्थ तिच्यात उलगडतो.

दाताचं वरचं पांढरं कवच शरीरातला सगळ्यांत कठीण भाग. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत दुसरा थर, आणि मधोमध मऊ गाभा. रक्तवाहिन्या आणि नस या गाभ्यात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते कवच पोखरतं, आणि कीड आत सरकत गाभ्यापर्यंत पोचली की दाढ ठणकते. बोटाला सूज आली तर तिला बाहेर फुगायला जागा असते. दाताच्या गाभ्याला ती नसते, चारी बाजूंनी टणक भिंती. म्हणून ती कळ इतकी भयंकर. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून रात्री जास्त.

मग एक दिवस गाभा मरतो. नस मेली, कळ थांबली. माणूस म्हणतो, बरं झालं. पण जंतू मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू धरतो. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली आणि गळ्यात पसरला तर श्वासही अडू शकतो. म्हणजे दुखत होतं तेव्हा धोका कमी होता, दुखायचं थांबलं तेव्हा वाढला.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे सर्व्हर बिघडायला लागला की मोबाईलवर अलार्म वाजतो. रात्री तीनला अलार्म वाजला तर दोन गोष्टी करता येतात. उठून बिघाड शोधायचा, किंवा अलार्म बंद करून झोपायचं. दुसऱ्या मार्गाला कुणी 'सहनशीलता' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचं काय होईल, ते सांगायला नको. गोळी घेऊन किंवा गालात तंबाखू दाबून दाढ बधिर करणं हे अलार्म बंद करणंच.

दुखणं नसणं हे नेहमी वरदान नसतं, हे वर्ध्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेचं काम उभं केलं. सेवाग्रामला बापू परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करत. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात. मग त्या जागेची संवेदना जाते. पायात काटा रुतला, कळत नाही. हाताला चटका बसला, कळत नाही. न दुखणारी जखम चिघळत जाते. बोटं झडतात ती पुष्कळदा अशा दुर्लक्षित जखमांनी. दुखत नाही म्हणून त्या माणसाला कुणी स्थितप्रज्ञ म्हणणार नाही. उलट त्याचं दुखणं त्याला परत मिळावं, असंच आपण म्हणू.

म्हणून पहिली गोष्ट: श्लोकात 'सोस' म्हटलंय, 'बधिर हो' म्हटलेलं नाही. स्पर्श होणार, दुःख होणार, ते कळणार. कळल्यावर काय करायचं, हा पुढचा प्रश्न.

हा श्लोक कुणाला सांगितला?

शास्त्राचं वचन घेताना ते कुणाला, कधी सांगितलं हे पाहावं. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसला आहे. अंग थरथरतंय, तोंड कोरडं पडलंय. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच भगवंत त्याला मनाचा दुबळेपणा टाकून उठायला सांगतात. नंतर थंडी-उन्हाचा हा श्लोक येतो. आणि पुढे अठराव्या श्लोकात पुन्हा तेच, म्हणून युद्ध कर.

म्हणजे तितिक्षा बसून राहणाऱ्याला दिलेली उशी नाही. जे करायलाच हवं ते करताना वाटेत जे दुखेल, ते सोसण्याचं बळ म्हणजे तितिक्षा. अर्जुनाने हा श्लोक ऐकून 'ठीक आहे, मी इथेच बसून सगळं सोसतो' असं म्हटलं असतं तर भगवंतांनी काय केलं असतं, याचा विचार करावा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. बाबांनीच तो घेतला होता. विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे. तिथे दुःखावर उपाय शोधण्याच्या मागे न लागता ते सोसणं म्हणजे तितिक्षा, असंच सांगितलं आहे. मग औषधोपचार हा तितिक्षेचा भंग नाही का?

त्याच व्याख्येचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. हे सोसणं चिंतेशिवाय आणि विलापाशिवाय व्हायला हवं. दाढ धरून रात्रभर कण्हणं, घरच्यांवर चिडणं, उद्या कसं होईल म्हणून घाबरणं आणि तरी डॉक्टरकडे न जाणं, यात तितिक्षेची पहिली अटही पुरी होत नाही आणि दुसरीही नाही. कारण आपण उपाय सोडलेलेच नसतात. लवंग, तुरटी, गोळ्या, खर्रा, सगळे उपाय चालू असतात. फक्त ज्याची भीती वाटते तो एक उपाय सोडलेला असतो.

गीतेनं याला नाव दिलं आहे. अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार आहेत. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती, चिकाटी. ३५व्या श्लोकात तामसी धृती येते. झोप, भीती, शोक, खिन्नता, गर्व यांना जी सोडत नाही ती. शब्द नीट पाहा. भीती धरून ठेवायलाही चिकाटी लागते! सात महिने दाढदुखी काढणं हे काही लेच्यापेच्याचं काम नाही. ताकद आहेच, पण ती भीतीच्या चाकरीला लागलेली आहे. बाहेरून ती सात्त्विक सोसण्यासारखीच दिसते. दोन्हींतला फरक फक्त त्या माणसाला कळू शकतो, तोही त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं तर: मी हे सोसतोय, की हे सोसून दुसरं काही टाळतोय?

आणि देहाला निष्कारण छळण्याबद्दल सतराव्या अध्यायाच्या पाचव्या-सहाव्या श्लोकांत भगवंतांनी कठोर शब्द वापरले आहेत. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे देहाला कष्टवतात, ते आत वसणाऱ्या मलाच कष्टवतात, असा त्यांचा भाव आहे. दाढेतला पू सोसणं हे कुठल्याही शास्त्रात तप म्हणून सांगितलेलं नाही.

बापू आणि विनोबा

आता आपल्याच मातीतली दोन उदाहरणं.

बापूंनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि दवाखान्यांवर टीका केली होती. निसर्गोपचारावर त्यांचा विश्वास शेवटपर्यंत होता. हेच बापू येरवड्याच्या तुरुंगात असताना जानेवारी १९२४ मध्ये त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनकडून शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी संमती दिली आणि तसं लिहून सही केली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वादळानं वीज गेली, टॉर्चही बंद पडला, आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात पुरा झाला. ज्या सरकारशी लढा, त्याच सरकारच्या डॉक्टरच्या हातात देह दिला. यात तितिक्षा कुठे होती? शस्त्रक्रिया टाळण्यात नव्हती. निर्णय झाल्यावर शांतपणे त्या टेबलावर पडण्यात होती.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. नोव्हेंबर १९८२. पवनारला विनोबा आजारी पडले. ८७ वर्षांचं वय. त्यांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. धाम नदीच्या काठी त्यांची समाधी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मग कुणी म्हणेल, विनोबांनी औषध सोडलं तर आम्ही का नको?

उत्तर असं की विनोबांनी काही टाळलं नव्हतं. हजारो मैल पायी चालून भूदान मागितलं, तेव्हा देह चांगला राखून वापरला. काम संपलं असं जाणून तो खाली ठेवला. त्यात भीती नव्हती, विलाप नव्हता. ज्याला आणखी दहा वर्षं शेत पाहायचं आहे, नातवाचं लग्न पाहायचं आहे, आणि सुईची भीती वाटते म्हणून दाढ काढायची नाही, त्याने विनोबांचं नाव घेऊ नये. बापूंनी उपचार घेतला आणि विनोबांनी सोडला, दोन्हींत तितिक्षा होती. म्हणजे ती घेण्यात किंवा सोडण्यात नसते. भीतीच्या हाती लगाम न देण्यात असते.

खुर्चीत

सूज पाहिल्यावर मात्र बाबा निघाले. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, शुगर आणि बीपी तपासलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारलं. पू काढून औषधं सुरू केली आणि सूज उतरल्यावर दाढ काढायची तारीख दिली. त्या दिवशी मी शेजारी उभा होतो.

जबड्यात इंजेक्शन. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ जड झाला. मग डॉक्टर म्हणाले ते मला फार महत्त्वाचं वाटलं: "काका, दाब जाणवेल, कडकड आवाज येईल, पण दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा."

तसंच झालं. बाबांना ढकललेलं कळत होतं, ओढलेलं कळत होतं, आवाज ऐकू येत होता. दुखत नव्हतं. इंजेक्शनातलं औषध नसेतून जाणारा वेदनेचा निरोप अडवतं. दाबाचा निरोप मात्र बऱ्याच प्रमाणात पोचतो. श्लोकात 'मात्रास्पर्श' हा शब्द आहे, इंद्रियांना होणारा नुसता स्पर्श. स्पर्श एक, आणि त्यावर उठणारं दुःख दुसरं, या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात, हे त्या खुर्चीत दहा मिनिटं डोळ्यांना दिसतं. साधनेनं हे साधतं असा दावा मी करणार नाही. ते काम औषधानं केलं, आणि औषध घेण्यात कमीपणा नाही. पण स्पर्श आणि दुःख एकच नाहीत, एवढी खूण तिथे पटते.

आणखी एक. दात उपटत नाहीत. मला वाटायचं जोरात ओढतात. तसं नसतं. आधी हिरडी मोकळी करतात, मग दात थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत त्याच्या भोवतीचं हाडाचं घर हळूहळू सैल करतात. घर सैल झालं की दात आपणच येतो. ओढला तर मोडतो, मूळ आत राहतं. सवय सोडवताना आपण नेमकी ओढाताण करतो, आणि मूळ आत ठेवून बसतो. सहाव्या अध्यायात मनाला हळूहळू, धीरानं शांत करायला सांगितलं आहे, ते यासाठी.

खळग्याचा सांभाळ

खरी तितिक्षा दाढ निघाल्यावर सुरू होते.

डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाताखाली दाबून धरायला सांगितला. मग सूचना: आज थुंकायचं नाही, लाळ गिळायची. आज चूळ भरायची नाही. स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. गरम खायचं नाही. बोट, जीभ तिथे लावायची नाही. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या. आणि तंबाखू, खर्रा, बिडी बंद.

का? तर दाढेच्या जागी जो खळगा होतो त्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजेच मलमपट्टी. तिच्याखाली नवं मांस आणि पुढे हाड तयार होतं. थुंकून किंवा चोखून ती निघाली तर हाड उघडं पडतं, आणि दोन-तीन दिवसांनी अशी कळ उठते की मूळची दाढदुखी बरी होती असं वाटावं.

म्हणजे इथे करायचं काही नाही. सोडून द्यायचं आहे. हे किती अवघड! जीभ पुन्हापुन्हा त्या खळग्याकडे जाते. जे गेलं त्याच्या जागी मन फेऱ्या मारतं, तसं. कासव अवयव आत ओढून घेतं हा दृष्टांत दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत येतो. सेवाग्रामच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ते श्लोक रोज म्हटले जात. सगळी इंद्रियं आवरणं दूरच, एक जीभ एक दिवस एका खळग्यापासून दूर ठेवून पाहा. अभ्यास म्हणजे काय ते तिथे कळतं.

पण बाबांची कसोटी जिभेपेक्षा खर्ऱ्याची होती. तोंड तपासताना डॉक्टरांना गालाच्या आत, जिथे खर्रा दाबला जायचा तिथे, पांढरा चट्टा दिसला. त्यांनी बाबांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासणीला पाठवला. रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई रोज दिवा लावताना जरा जास्त वेळ उभी राहायची.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खर्रा चालू राहिला तर उद्या नसेलच असं नाही. दाढ दुखते म्हणून जो उपाय गालात दाबला होता, तोच आजार करत होता.

विदर्भात राहणाऱ्याला खर्रा म्हणजे काय हे सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून घोटून. प्रत्येक चौकात पानठेला. ओळखीचा माणूस भेटला की आधी पन्नी पुढे येते, मग विषय निघतो. तो सोडणं म्हणजे नुसती वस्तू सोडणं नाही, चौकातली जागा सोडणं आहे.

आणि इथे चौदावा श्लोक अगदी अक्षरशः उपयोगी पडला. तलफ येते. काही मिनिटं अशी राहते की जीव जाईल वाटतं. मग ओसरते. येते आणि जाते, कायमची राहत नाही. श्लोकात जे लक्षण सांगितलंय, ते तलफेला तंतोतंत लागू होतं. हीच ती जागा जिथे काही उपाय न शोधता, कुरकुर न करता नुसतं सोसायचं असतं. पाणी प्यावं, चार पावलं चालावं, नाम घ्यावं, आणि ती ओसरू द्यावी. वस्तू सुटली तरी तिची गोडी मागे राहते, हेही दुसऱ्या अध्यायात ५९व्या श्लोकात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा तलफ आली तर साधना वाया गेली असं समजू नये. गोडी शेवटी जाते.

बाबा मला एकदा म्हणाले, "सात महिने दाढ सोसली ते काही नाई. हे खरं सोसणं." मला वाटतं, या श्लोकावरचं याहून सोपं भाष्य मला लिहिता येणार नाही.

सार

दुखण्याच्या तीन वेळा असतात. उपाय करण्याआधीची, उपाय चालू असतानाची आणि उपायानंतरची. आधीच्या वेळेला तितिक्षा सांगते, उठ. चालू असतानाच्या वेळेला सांगते, स्थिर राहा. नंतरच्या वेळेला सांगते, हात लावू नकोस. या तिन्हींत आपण गल्लत करतो. उठायच्या वेळी सोसत बसतो, स्थिर राहायच्या वेळी धडपडतो, आणि सोडून द्यायच्या वेळी उकरत राहतो. हे दाढेलाच लागू आहे असं नाही. भावाशी मोडलेलं बोलणं, अंगावर वाढत चाललेलं कर्ज, मुलाची सुटत नसलेली सवय. प्रत्येक ठिकाणी विचारावं, आता यातली कोणती वेळ आहे?

आजचा नेम

१. आपण जे 'सोसतोय' असं म्हणतो, त्यातली एक गोष्ट आज कागदावर लिहावी. तिच्यापुढे लिहावं, हे सोसून मी काय टाळतोय? उत्तर 'काहीच नाही' आलं तर ते सोसणं पुढे चालू ठेवावं. उत्तर आलं, तर आजच एक पाऊल उचलावं.

२. आरशासमोर उभं राहून तोंड उघडावं. तीन बोटं उभी आत जातात का पाहावं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेला फोड, खूप दिवस दुखून एकदम थांबलेला दात, यातलं काहीही असेल तर दाखवून यावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावं. एकटे ते जात नाहीत. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालयाचा दवाखानाच आहे, लांब जायची गरज नाही.

३. तलफ, राग, चिडचिड, आज जे येईल ते येताना पाहावं आणि जाताना पाहावं. फक्त पाहावं. निदान एकदा.

हे भगवंता, जे करायला हवं ते करण्याचं धैर्य दे. ते करताना दुखेल ते शांतपणे सोसण्याची ताकद दे. केल्यावर ते तुझ्यावर सोपवून हात काढून घेण्याची बुद्धी दे. आणि माझ्या भीतीला मी तुझं नाव देऊ नये, एवढं सांभाळ.

उद्या पंधरावा श्लोक.

जय जगत. राम कृष्ण हरी.